आवक आणि विसर्ग

पावसाळा लागला की सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एक शब्द शाळकरी मुलापासून वृद्धापर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. तो शब्द म्हणजे 'आवक'. कोयनेत आज किती आवक झाली, धोमची आवक वाढली की ओसरली, चांदोलीस वारणेची आवक कशी आहे, याची विचारपूस झाल्यावाचून आषाढ-श्रावणातला दिवस सरत नाही. हाच शब्द सांगलीच्या पेठेत हळदीला आणि गुळाला लावतात. कचेरीत टपालाच्या वहीवर तोच लिहिलेला असतो. मठांतून धान्य व द्रव्य यांची टिपणे ठेवणारे कारभारीही आवक आणि जावक असेच दोन रकाने आखतात. इतका व्यवहारात रुळलेला शब्द ब्रह्मविद्येच्या विचारात कशास आणावा, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर असे की, महानुभाव मार्ग लोकांच्या शब्दांवरच उभा आहे. संस्कृतात रचना करू पाहणाऱ्या पंडितास आचार्य श्रीनागदेवांनी का थांबविले, हे स्मृतिस्थळाच्या वाचकांस ठाऊक आहे. साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका त्या रचनेला मुकतील, हे एकच कारण त्यांना पुरेसे वाटले. तेव्हा बाजारातला शब्द शास्त्राच्या ओट्यावर घेण्यात संकोच वाटावयाचे कारण नाही.

'आवक' या शब्दाच्या घडणीत 'येणे' एवढाच व्यापार आहे. गुजराथीत येणे या अर्थी 'आववुं' हे क्रियापद असून तेथेही 'आवक' हा शब्द नांदतो. पण दोन भाषांत त्याची वाट वेगळी झाली आहे. गुजराथी माणसाने आवक म्हटले की त्यास उत्पन्न, मिळकत असा अर्थ अभिप्रेत असतो. मराठीने मात्र त्या शब्दास मालकीचा रंग चढू दिला नाही. कोयनेत पाण्याची आवक झाली म्हणजे पाणी आले, ते कोयनेचे झाले असे नव्हे. टपालाची आवक झाली, पण पत्र ज्याच्या नावे असेल त्याचे. हळदीची आवक झाली, म्हणजे शेतकऱ्याची हळद अडत्याच्या गाळ्यावर उतरली, इतकेच. कमाई, मिळकत, प्राप्ती, लाभ या शब्दांत कोणीतरी मिळविणारा गृहीत असतो. 'आवक' या शब्दात असा कोणी नाही. आले एवढे तो सांगतो आणि थांबतो. शब्दाचा हा संयम विचार करण्याजोगा आहे.

या शब्दाचा दुसरा विशेष असा की, तो उच्चारणारा कोठेतरी उभा असतो आणि तेथून पाहून बोलतो. धरणावरून जे पाणी सोडतात त्यास सातारा-सांगलीकडील वृत्तपत्रे 'विसर्ग' म्हणतात. हा शब्द मात्र भारदस्त आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात कर्माची व्याख्या करताना तोच योजिलेला आहे, आणि व्याकरणात अक्षरापुढील दोन टिंबांनी दाखविला जाणारा, तोंडावाटे बाहेर पडणारा श्वास तोही विसर्गच. आता, कोयनेच्या दारांतून जो विसर्ग होतो तो पाटणवरून कऱ्हाडास येऊन प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळतो. ती कृष्णा महाबळेश्वरी उगम पावून वाई आणि माहुली पाहून आलेली असते. पुढे ब्रह्मनाळास येरळा आणि हरिपुरास वारणा तिच्यात शिरतात. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली लोक उभे राहून पाणी चढले की उतरले हे पाहतात, ते याच पाण्याची आवक मोजीत असतात. कोयनेचा विसर्ग तो सांगलीची आवक. पाणी एकच, नाव दोन, आणि नावाचा भेद केवळ उभे राहण्याच्या जागेचा.

पाण्याप्रमाणेच वायूचेही आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात नाना यज्ञांची गणना करताना भगवान श्रीकृष्ण सांगतात की, कोणी अपानात प्राणाचे हवन करतात, तर कोणी प्राणात अपानाचे. यांतील आत येणारा वायू कोणता आणि बाहेर जाणारा कोणता? आज दहा जणांस विचारले तर नऊ जण म्हणतील, प्राण तो आत घेतलेला. परंतु छांदोग्याच्या पहिल्या अध्यायावर भाष्य करताना शंकराचार्य उलट सांगतात. मुखानासिकेने वायू बाहेर टाकणे हे प्राणाचे कार्य आणि त्याच वाटेने आत ओढणे हे अपानाचे. गीतेतील त्या वचनाचा अर्थही ते याच धोरणाने लावतात आणि अपानात प्राणाचे हवन म्हणजे पूरक, प्राणात अपानाचे हवन म्हणजे रेचक असे म्हणतात. आचार्यांचे अद्वैत महानुभावांस मान्य नाही, पण शब्दार्थाच्या ठिकाणी जाणत्याचे ऐकण्यास आडकाठी नसावी. आयुर्वेदात हाच अपान शरीराच्या अधोभागी राहून मलमूत्र बाहेर टाकणारा वायू ठरतो. म्हणजे एका शास्त्रात जो आत येणारा, तोच शब्द दुसऱ्या शास्त्रात बाहेर घालविणारा. यात कोणाची चूक काढण्याचे कारण नाही. आत आणि बाहेर हे वायूचे गुण नव्हेत. कोणत्या जागेवरून मोजावयाचे, यावर ते अवलंबून असतात.

मराठीत 'श्वास घेणे' असे म्हणतात. 'घेणे' म्हटले की घेणारा आला. पण निजलेल्या माणसाविषयी बोलताना त्याच्या उशाशी बसलेली माणसे 'श्वास नीट चालला आहे' असेच म्हणतात. तेव्हा घेणारा कोण हा प्रश्न कोणास पडत नाही. जागेपणी ज्याला जीव आपले घेणे समजतो ते निद्रेत त्याच्यावाचून चालू असते, ही गोष्ट रोज रात्री घडूनही कोणाच्या ध्यानात राहत नाही.

प्राणायामाच्या तीन अंगांची नावे येथे कामास येतात. पूरक म्हणजे भरणे, रेचक म्हणजे रिकामे करणे आणि कुंभक म्हणजे घटात पाणी धरावे तसे धरून ठेवणे. नदीचा 'पूर' आणि श्वासाचा 'पूरक' हे दोन्ही भरणे या अर्थाच्या एकाच धातूचे होत. मग कोयनेचा कुंभक कोणता? तो शिवसागर. १९६४ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाची धारणा १०५ अब्ज घनफुटांहून थोडी अधिक आहे. त्यातील पुष्कळसे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेस पोफळीकडे जाऊन वीज निर्माण करून वाशिष्ठीत उतरते, आणि उरलेले पूर्वेस कृष्णेकडे येते. आवक निसर्गाची आणि विसर्ग ठरवून केलेला. माणसाचा हात लागतो तो मधल्या धरून ठेवण्यास. ममतेचा उगमही तेथेच आहे. आलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न ते वाहत असता उठत नाही. ते थांबले की उठतो, आणि मग दोन राज्ये लवादापुढे उभी राहतात. प्राणायाम करणारास कुंभक फार वेळ साधत नाही, जीव कासावीस होऊन त्यास सोडावेच लागते. धनाचा कुंभक मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकावा अशी त्याची इच्छा असते.

आता या दृष्टान्ताचे दार्ष्टान्तिक पाहावयाचे. केशिराज व्यासांनी दृष्टान्तपाठात सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी जी त्रिपदी मांडली, तिच्यातले तिसरे पाऊल टाकल्यावाचून दृष्टान्त केवळ गोष्ट होऊन राहतो. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार स्वतंत्र नित्य पदार्थांपैकी जीव हा अनादि अविद्येने बद्ध आहे. ज्ञान त्याच्या ठिकाणी उपजत नाही. ते परमेश्वरापासून येते. देवता आपापली फळे देतात, पण ती संपणारी. मोक्ष देणारा परमेश्वर एकच. तेव्हा ज्ञान आणि प्रेम यांविषयी जीवास 'मी मिळविले' असे म्हणता येत नाही, 'आले' एवढेच म्हणता येते. जीवाच्या बाजूने जी आवक, ती परमेश्वराच्या बाजूने कृपा होय. येथे दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. धरणातून विसर्ग झाला की धरण तितके रिते होते. परमेश्वर देतो आणि उणा होत नाही. दृष्टान्त सर्वांगी लावू गेल्यास तो शास्त्रावर उलटतो.

यावर पूर्वपक्ष असा: ज्ञान जर केवळ येणारे आहे, तर जीवाने काय करावयाचे? अनुसरण, अटन, विजन, भिक्षा, स्मरण हे सारे व्यर्थ नव्हे काय? कृपा व्हावयाची तर होईल, न व्हावयाची तर कितीही फिरले तरी होणार नाही. हा आक्षेप आळशी माणसाच्या फार सोयीचा आहे, म्हणून तो वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर धरणापाशीच आहे. धरण पाऊस पाडीत नाही हे खरे. पण ज्या तळ्यात गाळ भरला आहे त्यावर पाऊस पडूनही त्यात पाणी राहत नाही. आचार हा पाऊस पाडण्याचा उपाय नसून गाळ काढण्याचा आहे. आणखी असे की, पाऊस चार महिने आणि शेत बारा महिने. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे सन्निधान ज्यांना लाभले त्यांचा तो वर्षाकाळ. स्वामींच्या गमनानंतर जे राहिले, आणि आज जे मार्गात आहेत, ते असन्निधानाच्या उन्हाळ्यात आहेत. त्यांचे पोषण वर्षाकाळी धरलेल्या पाण्यावरच व्हावयाचे.

म्हणजे धरून ठेवणे सर्वस्वी निंद्य ठरत नाही. म्हाइंभटांचे उदाहरण घ्यावे. स्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांची स्मरणशक्ती आणि आयुष्य दोन्ही मर्यादित होती. म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांपासून लीळा मिळविल्या, शिवाय ज्या ज्या व्यक्तीशी त्या लीळा घडल्या तिला गाठून त्या पडताळून घेतल्या. हा संग्रहच होता. पण तो कोणासाठी? पुढे येणाऱ्या, म्हाइंभटांनी कधी न पाहिलेल्या माणसांसाठी. तो संग्रह झाला नसता तर मार्ग दोन पिढ्यांत कोरडा पडता.

याच्या उलट भिक्षेचा दंडक पाहावा. भिक्षा अनेक घरांतून थोडी थोडी घ्यावी, रसाची निवड करू नये, मिळेल ते एकाच झोळीत पडू द्यावे आणि उद्यासाठी ठेवू नये, हा आचार सर्वपरिचित आहे. भिक्षेत आवक आहे, कुंभक नाही. अन्नाच्या बाबतीत कुंभक वर्ज्य आणि लीळांच्या बाबतीत तो आवश्यक, हा भेद का? अन्न साठविणारा स्वतःसाठी साठवितो. लीळा साठविणारास त्यांचे दान करावयाचे असते. शिवाय अन्न दिले असता देणाराचे कमी होते, वचन सांगितले असता सांगणाराचे उणे होत नाही.

हरिपूरच्या पेवांची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. सांगलीची हळद पिढ्यान्‌पिढ्या हरिपूरच्या जमिनीतील पेवांत साठविली जात असे. तेथील माती अशी की, त्यात हळद वर्षानुवर्षे किडीवाचून आणि रंग न जाता राही. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या पेवांत शिरले आणि पुष्कळ पेवे कामातून गेली. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मराठीत विपुलता दाखवितो, पण तेथे पेवे फुटली ती वेगळ्या अर्थाने. एक आवक दुसऱ्या आवकेवर चालून आली. जमिनीखाली सुरक्षित म्हणून ठेवलेले असते तेच पाण्यास पहिल्याने सापडते, हे त्या गावाने पाहिले आहे.

आता जो प्रश्न या शब्दविचाराच्या मुळाशी आहे तो उघडपणे मांडावयास हरकत नाही. मार्गाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत बंद करून शतकानुशतके जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांस मिळाली आणि लीळाचरित्रासारखा मराठीचा आद्य गद्यग्रंथ महाराष्ट्राच्या दृष्टीस पडला. तोपर्यंत काय घडले होते? ग्रंथ वाचले, पाठ शुद्ध राहिले, उपहासापासून आणि उच्छेदापासून वचनांचे रक्षण झाले. परंतु त्याच काळात मार्गाविषयी नाही नाही ते प्रवाद पसरले आणि त्यांस उत्तर देणारे ग्रंथ बासनात बांधलेले राहिले. हा कुंभक म्हाइंभटांचा होता की पेवाचा? मार्गातील काही ज्येष्ठ त्यास केवळ रक्षण म्हणतात, बाहेरचे काही त्यास केवळ लपवाछपवी म्हणतात. दोघेही आवक-जावकेच्या वहीचे एकच पान पाहतात.

गोपनाच्या बाजूने जो युक्तिवाद आहे तो मात्र हलका नाही, आणि त्याचे बळ २०१९ च्या ऑगस्टात सांगलीने पाहिले आहे. त्या दिवसांत कोयनेच्या पाणलोटात अतोनात पाऊस झाला, धरणाचा विसर्ग लाख क्युसेकांच्या घरात गेला, आणि वारणा, येरळा यांचेही पाणी त्याच वेळी उतरले. आयर्विन पुलापाशी इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर चढले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळास पुरातून माणसांना काढणारी नाव उलटली आणि माणसे बुडाली. विसर्ग कधी आणि किती करावयास हवा होता, अलमट्टीच्या फुगवट्याचा दोष किती, यावरचे वाद अजून शमलेले नाहीत, आणि ते निकाली काढणे हे या लेखाचे काम नव्हे. येथे घ्यावयाचे ते इतकेच की, विसर्ग हा नुसता होणे पुरेसे नाही. खाली नदी आधीच तुडुंब भरलेली असेल तर वरून सोडलेले पाणी तहान भागवीत नाही, घरात शिरते. शास्त्राचेही असेच आहे. ज्याचे चित्त तर्काने किंवा द्वेषाने आधीच भरलेले आहे त्याच्या पुढ्यात रहस्याची वचने ओतली तर त्याचे हित होत नाही आणि वचनाचीही विटंबना होते. अधिकार पाहून द्यावे, ही पूर्वाचार्यांची दृष्टी यासाठीच होती.

पण अधिकार पाहावयाचा म्हणजे खाली पाहावयाचे, हे विसरले जाते. धरणावर बसून केवळ आपल्या भिंतीवरील खुणा मोजणारास सांगलीत किती पाणी आहे हे कळत नाही. खाली कोरडे पडले असता 'अधिकारी मिळत नाही' म्हणून दारे लावून ठेवणे आणि खाली पूर असता दारे उघडणे, हे दोन्ही एकाच न पाहण्यातून घडते. घेणाराची स्थिती हे एकच कारण वचन धरून ठेवण्यास पुरते, कारण द्यावयाचे ते दिल्याने घटणारे नाही. घेणाऱ्याची विचारपूसच ज्याने कधी केली नाही, त्याने अधिकाराचे नाव पुढे करू नये.

या बाबतीत सातारा जिल्ह्यातीलच फलटण डोळ्यांपुढे ठेवावे. ते गाव पर्जन्यछायेत आहे. त्याच्या शिवारास पाणी येते ते नीरेच्या उजव्या कालव्याने, दूर भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचे. अशा या दुसऱ्याच्या पावसावर जगणाऱ्या भूमीत श्रीचक्रपाणी महाराजांचा अवतार झाला. फलटणास त्यांची आवक झाली असे म्हणावे, तर ते तेथे राहिले नाहीत. मातापुरास श्रीदत्तात्रेय प्रभूंपासून शक्तिस्वीकार करून ते द्वारावतीस गेले. तेथे एका हाती खराटा आणि एका हाती सूप घेऊन ते वीथी झाडीत आणि तो केर गोमतीत टाकीत. त्याच ठिकाणी त्यांनी अनेकांस विद्या दिली. मार्गाची परंपरा सांगते की, ते देह सोडल्यावर भडोच येथे हरिपाळदेवांच्या पतित देहाचा स्वीकार झाला आणि तेच श्रीचक्रधर स्वामी गुजराथेतून महाराष्ट्रात आले. फलटणचा विसर्ग द्वारावतीस आवक झाला, आणि गुजराथेतून निघालेला ओघ पुन्हा महाराष्ट्रात उतरला. मध्ये कोठे साठा झाल्याचे परंपरा सांगत नाही. सांगते ते सूप आणि खराटा एवढेच.

कारभाऱ्यांच्या वह्यांकडे पुन्हा येऊन हा विचार पुरा करता येईल. धान्य व द्रव्य यांच्या पानावर आवक आणि जावक हे दोन्ही रकाने भरलेले असतात, कारण तेथे हिशेब मागणारे पुष्कळ असतात. पोथ्यांचे पान मात्र बहुधा एकच रकाना दाखविते. अमुक महंतांकडून इतक्या पोथ्या आल्या, अमुक मठ बंद झाला त्याची बासने आली. वाचावयास, प्रत करावयास किंवा पाठभेद पाहावयास कोणती पोथी कोणाकडे गेली आणि परत केव्हा आली, हा रकाना जेथे कोरा असेल तेथे तो आखून घ्यावा. आणि दर चातुर्मासात अधिकारी पुरुषांनी एकत्र बसून, कोणते बासन कोणासाठी सोडावयाचे हे घेणाऱ्यांची नावे समोर ठेवून ठरवावे.